दोन विजय : कारकीर्द आणि वारसा

विजय मर्चंट यांची कसोटी क्रिकेटमधली सरासरी ४७.७२ आहे आणि विजय हजारे यांची ४७.६५. मर्चंट यांचे १० सामने, १८ डाव, ८५९ धावा; हजारे यांचे ३० सामने, ५२ डाव, २,१९२ धावा. मर्चंट यांनी त्या १८ डावांत मिळून दोनच धावा कमी काढल्या असत्या, तर आज हजारे यांचे नाव वर लागले असते. ज्या तुलनेवर एका पिढीने जिमखान्यांचे व्हरांडे आणि वर्तमानपत्रांचे रकाने गाजवले, तिचा कसोटीतला निकाल आकड्यांनी दोन धावांवर आणून ठेवला आहे. प्रथम श्रेणीत मात्र अंतर मोठे आहे. तिथे मर्चंट यांची सरासरी ७१.६४, आणि दीर्घ कारकीर्द केलेल्या फलंदाजांत त्यांच्या पुढे एकटे ब्रॅडमन. हजारे यांची ५८.३८, पण त्यांच्या धावा १८,७४० म्हणजे मर्चंट यांच्यापेक्षा पाच हजारांहून अधिक, शतके ४५ च्या तुलनेत ६०, शिवाय ५९५ बळी. ज्याला जो पक्ष मांडायचा असेल त्याला तसा आकडा सापडतो. म्हणूनच हा वाद आकड्यांवर सुटलेला नाही, आणि मी तो आकड्यांवर सोडवायला उभा नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. आपण या दोघांची तुलना करताना दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत टाकत आलो : खेळाडूची कारकीर्द आणि त्याचा वारसा. कारकीर्द तो स्वतः घडवतो. वारसा पुढे न्यायला मागे कुणीतरी असावे लागते. कारकिर्दीत हजारे मोठे होते असे माझे मत आहे. वारसा मर्चंट यांचा मोठा ठरला, आणि त्याचे कारण फलंदाजीच्या बाहेर शोधावे लागते.

दोन प्रतिस्पर्ध्यांची तुलना म्हटली की जगाला सर्वांत आधी आठवते ती मुष्टियुद्धातली जोडी, महंमद अली आणि जो फ्रेझर. तिथे तर निकाल लागायला जागाच जागा होती. दोघे रिंगणात समोरासमोर तीनदा उतरले. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये फ्रेझरने पंधराव्या फेरीत अलीला जमिनीवर पाडले आणि गुणांवर सामना जिंकला. जानेवारी १९७४ मध्ये अली जिंकला. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरच्या प्रशिक्षकानेच लढत थांबवली. दोन विरुद्ध एक. पण अलीची थोरवी या दोन विरुद्ध एकवर उभी नाही. व्हिएतनाम युद्धात जायला दिलेला नकार, त्यासाठी गमावलेली साडेतीन वर्षे, त्याची वाणी, कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी जडलेले त्याचे नाव या सगळ्यांनी ती उचलून धरली. फ्रेझर संपूर्ण कारकिर्दीत चारच लढती हरला, दोन अलीकडून आणि दोन जॉर्ज फोरमनकडून. त्याच्या फिलाडेल्फिया शहरात ‘रॉकी’ या चित्रपटातल्या काल्पनिक मुष्टियोद्ध्याचा पुतळा आधी उभा राहिला. फ्रेझरचा पुतळा त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, २०१५ मध्ये उभारला गेला. जिथे ठोसा थेट अंगावर पडतो आणि हरणारा डोळ्यांसमोर कोसळतो त्या खेळातही वारसा लढतीच्या निकालावरून ठरत नसेल, तर एकमेकांशी फक्त धावफलकावर झुंजणाऱ्या दोन फलंदाजांचा तो सरासरीवरून कसा ठरणार?

तरीही मर्चंट आणि हजारे यांच्यात ठोशास ठोसा म्हणावा असा एक काळ आला होता. १९४३ चा हिवाळा, मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम आणि पंचरंगी सामने. हे सामने धर्मावर आधारलेले होते. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि १९३७ पासून ‘रेस्ट’ नावाचा पाचवा संघ. या चार खणांत जो बसत नाही तो रेस्टमध्ये : भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू. सांगलीत जन्मलेले, मराठी बोलणारे विजय सॅम्युएल हजारे ख्रिस्ती असल्याने रेस्टकडून खेळले. मुंबईच्या गिरणीमालक ठाकरसी घराण्यातले मर्चंट हिंदू संघाकडून. स्पर्धेतला वैयक्तिक उच्चांक मर्चंट यांच्या नावावर होता. हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा करून तो मोडला. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी हजारे यांच्याच संघाविरुद्ध नाबाद २५० करून तो परत मिळवला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव १३३ वर संपला, त्यातल्या ५९ हजारे यांच्या. फॉलोऑन मिळाल्यावर रेस्टने ३८७ केल्या आणि त्यात एकट्या हजारे यांच्या ३०९ होत्या. धाकटे बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली, तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. हिंदू संघ एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. त्याच हंगामात मर्चंट यांनी रणजी करंडकात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ करून पुन्हा सरशी साधली.

ही मालिका सांगताना उच्चांकांची शर्यत म्हणून सांगितली जाते आणि ऐकणाराही त्यातच रमतो. मला तिच्यातला एक आकडा फार महत्त्वाचा वाटतो : ३८७ पैकी ७८. हजारे सोडून बाकीच्या सगळ्या रेस्ट संघाच्या आणि अवांतर धावा मिळून इतक्याच. मर्चंट यांचे २५० एका बलाढ्य संघाच्या ५८१ मधले होते. त्यांच्या मागेपुढे देशातले निवडक खेळाडू होते, आणि ते बाद झाले असते तरी हिंदू संघ हरण्याची भीती नव्हती. हजारे यांच्या मागे कुणी नव्हते. हे एकटेपण त्यांनी निवडलेले नव्हते, स्पर्धेच्या रचनेतूनच ते त्यांच्या वाट्याला आले होते. माणसाला धर्मावरून संघ वाटून द्यायचा, मग ज्याचा समाज लहान त्याच्या पाठीशी संघही लहान. महात्मा गांधींनी डिसेंबर १९४० मध्ये या सामन्यांविरुद्ध मत दिले, ते देशाच्या एकीचा विचार करून. क्रिकेटच्या अंगाने पाहिले तरी ही वाटणी अन्यायाचीच होती, आणि तिचा सर्वांत ठळक पुरावा म्हणून मी हजारे यांच्या ३०९ कडे बोट दाखवीन. १९४६ मध्ये ही स्पर्धा बंद पडली ते योग्यच झाले.

धर्माचे खण गेले आणि देशाचा संघ आला तरी हजारे यांच्या फलंदाजीतले हे एकटेपण गेले नाही. जानेवारी १९४८ मधली ॲडलेडची कसोटी पाहा. ऑस्ट्रेलियाने ६७४ केल्या होत्या. भारताच्या दोन डावांत मिळून ६५८ धावा झाल्या, त्यांतल्या २६१ हजारे यांच्या. पहिल्या डावात ११६, दुसऱ्यात १४५. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज लिंडवॉल याने ३८ धावांत ७ बळी घेतले, म्हणजे समोरच्या टोकाला काय चालले असेल याची कल्पना येते. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईत वेस्ट इंडिजविरुद्ध ३६१ चे लक्ष्य होते. भारत ८ बाद ३५५ वर, विजयाला सहा धावा कमी असताना थांबला. त्यात हजारे यांच्या १२२ होत्या. १९५२ मध्ये लीड्सला दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्यावर बाद झाले. त्या पडझडीत हजारे यांनी ५६ आणि दत्तू फडकर यांनी ६४ करून डावाला आकार दिला. त्याच दौऱ्यात ओव्हलला ५ बाद ६ अशी स्थिती झाली, संपूर्ण डाव ९८ वर संपला आणि सर्वाधिक धावा पुन्हा हजारे यांच्याच, ३८. या ३८ धावा सरासरीत कुठे दिसत नाहीत. उलट त्या सरासरी खाली ओढतात. कारकीर्द मोजताना मी विचारतो तो प्रश्न हा : ही खेळी नसती तर संघाचे काय झाले असते? या प्रश्नाला हजारे यांच्याइतकी ठोस उत्तरे देणारा त्या काळातला दुसरा भारतीय फलंदाज मला दिसत नाही.

यावर मर्चंट यांच्या बाजूने जो आक्षेप घेतला जातो तो हलका नाही, आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. मर्चंट यांना संधीच कुठे मिळाली? १९३३ ते १९५१ या अठरा वर्षांत त्यांना दहा कसोटी सामने मिळाले, सगळे इंग्लंडविरुद्ध. १९३६ मध्ये ते २४ वर्षांचे होते. भारताची पुढची कसोटी झाली तेव्हा ते ३४ वर्षांचे. मधली दहा वर्षे, फलंदाजाच्या आयुष्यातली सर्वांत सुपीक, महायुद्धाने आणि त्याच्या आगेमागेच्या पोकळीने गिळली. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे कर्णधारपद त्यांना मिळाले होते, पण प्रकृतीने साथ दिली नाही. त्याआधी १९३२ चा इंग्लंड दौरा त्यांनी स्वतः नाकारला, देशाचे नेते तुरुंगात असताना खेळायला जायचे नाही म्हणून. विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलाने लॉर्ड्सवरचा पहिला कसोटी सामना असा सोडून देणे ही मोठी गोष्ट होती. मुंबईच्या मरगळलेल्या खेळपट्ट्यांवर त्यांनी धावा साठवल्या असे म्हणणाऱ्यांनी १९४६ चा पावसाळी इंग्रजी उन्हाळा आठवावा. त्या दौऱ्यात त्यांनी ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या. तंत्राच्या शुद्धतेत, चेंडूची दिशा आणि टप्पा ओळखण्यात, त्या प्रसिद्ध लेट कटच्या नजाकतीत ते हजारे यांच्यापेक्षा सरस होते, हेही मी मान्य करतो. पण मर्चंट काय करू शकले असते या आपल्या खात्रीला त्यांची कारकीर्द म्हणता येणार नाही. शिवाय तेच महायुद्ध हजारे यांच्याही वाट्याला आले होते. त्यांचे कसोटी पदार्पणच १९४६ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी झाले. उशिरा मिळालेल्या सात वर्षांत त्यांनी तीस सामने आणि सात शतके उभी केली.

या दोघांचे मैदानावरचे शेवटचे थोर दृश्य मात्र लढतीचे नाही, सोबतीचे आहे. नोव्हेंबर १९५१ मधली दिल्लीची कसोटी, समोर इंग्लंड, हजारे कर्णधार. तोवर भारतीयाची कसोटीतली सर्वोच्च खेळी होती हजारे यांची ॲडलेडमधली १४५. चाळिशीत पोहोचलेल्या मर्चंट यांनी १५४ करून ती मागे टाकली. त्याच डावात हजारे यांनी नाबाद १६४ करून ती पुन्हा आपल्याकडे आणली. ४१८ पैकी ३१८ धावा या दोघांच्या. तिसऱ्या गड्यासाठी दोघांनी २११ जोडल्या, म्हणजे एकमेकांना मागे टाकण्याचे काम त्यांनी काही तास एकाच संघासाठी केले. खांद्याच्या दुखापतीमुळे मर्चंट यांची ती अखेरची कसोटी ठरली. त्याच मालिकेच्या शेवटी, फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला भारताने आपल्या पंचविसाव्या कसोटीत पहिला विजय मिळवला. विनू मंकड यांनी सामन्यात बारा बळी घेतले आणि कर्णधार होते हजारे. त्यांच्या कर्णधारपदावर टीका करणारे १४ सामन्यांत १ विजय, ५ पराभव हा हिशेब दाखवतात. तो खरा आहे. ते आक्रमक कर्णधार नव्हते, आणि त्या जबाबदारीने त्यांच्या फलंदाजीचे नुकसान झाले असे खुद्द मर्चंट यांचेही मत होते. पण मघाच्या प्रश्नाचे उत्तर यातूनही मिळते. जे ओझे दुसरे कुणी नीट पेलत नव्हते ते हजारे यांच्यावर टाकले गेले, आणि त्यांनी ते नाकारले नाही.

आता वारसा. इथे मला माझ्या आवडीच्या फलंदाजाविरुद्ध निकाल द्यावा लागतो. मुंबईच्या फलंदाजीची जी परंपरा आपण सांगतो, विकेट सहजासहजी फेकायची नाही, शतक झाले तरी पुन्हा नव्याने गार्ड घ्यायचे, गोलंदाजाला थकवायचे, तिचे मूळ मर्चंट यांच्यात आहे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबईत ही शिस्त अंगात भिनलेली होती. मर्चंट यांनी ती केवळ खेळून दाखवली नाही. ते निवड समितीचे अध्यक्ष होते. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी त्यांच्या निर्णायक मताने पतौडींऐवजी अजित वाडेकर कर्णधार झाले, आणि त्याच दौऱ्यावर सुनील गावसकर यांनी पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या. आकाशवाणीवरून त्यांचा आवाज घराघरात गेला. अपंगांच्या रोजगारासाठी त्यांनी आयुष्यातली अनेक वर्षे दिली. हे सारे त्यांच्या कष्टाचे आहे, नशिबाचे नाही. मात्र त्या कष्टाला रुजायला जमीन मिळाली होती. हॅरिस आणि गाइल्स शील्डच्या शालेय स्पर्धा, मैदानांवरचे जिमखाने, कचेऱ्यांच्या संघांची टाइम्स शील्ड, १९४८ पासून भर पावसात चालणारी कांगा लीग, खेळाडूला नोकरी देणाऱ्या बँका आणि गिरण्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळे छापणारी वर्तमानपत्रे. मर्चंट यांची पद्धत मुलाला शाळेत कळे, क्लबात पक्की होई आणि नोकरीत टिके. खेळाडू निवृत्त झाला तरी ही साखळी तुटत नव्हती.

हजारे यांच्यामागे अशी साखळी नव्हती. सांगलीहून ते निघाले ते महाराष्ट्राकडून, मध्य भारताकडून आणि शेवटी बडोद्याकडून खेळले. १९३९-४० मध्ये प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ केल्या, रणजी करंडकातले पहिले त्रिशतक. पुढे त्याच बडोद्याला त्यांनी घर मानले. त्यांना घडवले ते राजाश्रयाने. देवासचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांनी त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटला शिकवायला आणले. बडोद्याच्या गायकवाडांनी नोकरी आणि स्थैर्य दिले. मार्च १९४७ मध्ये गुल महंमदबरोबर होळकर संघाविरुद्ध त्यांनी जोडलेल्या ५७७ धावा जवळजवळ साठ वर्षे जगातली कोणत्याही गड्यासाठीची सर्वोच्च भागीदारी राहिली. ती दोन संस्थानांच्या संघांमधली होती हे विसरू नये. त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला आणि १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थाने जायलाच हवी होती. पण ज्या आश्रयावर हजारे उभे होते तो त्यांच्या पायाखालून ते ऐन भरात असतानाच सरकला, आणि त्याच्या जागी मुंबईसारखी शाळा-क्लब-कचेरीची वीण तिथे लगेच उभी राहिली नाही. बडोद्याने पुढेही चांगले खेळाडू दिले, मग हजारे यांना वारस नव्हते असे कसे म्हणता, असे कुणी विचारील. खेळाडू दिले हे खरेच. पण ‘हजारे यांच्या घराण्याची फलंदाजी’ असा शब्दप्रयोग कुणाच्या तोंडी बसला नाही. मुंबईच्या फलंदाजीबद्दल बोलताना मर्चंट यांचे नाव आपोआप येते. हजारे अबोल होते, प्रसिद्धीपासून दूर राहिले, म्हणून विस्मृतीत गेले हे स्पष्टीकरणही मला पटत नाही. मुंबईत अबोल खेळाडू कमी झाले नाहीत, आणि त्यांच्याबद्दल बोलायला शहर होते.

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात हा मुद्दा मांडायला माझ्यापाशी कारण आहे. तारापूरची अणुभट्टी १९६९ पासून वीज देते, तिच्या शेजारी औद्योगिक वसाहत उभी आहे, २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. तरी इथल्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला मोठे व्हायचे तर पहाटेची गाडी धरून मुंबई गाठावी लागते. सोळा वर्षांखालच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा मर्चंट यांच्या नावाची आहे आणि देशातली एकदिवसीय स्पर्धा हजारे यांच्या. मुलगा आधी मर्चंट करंडकाची निवड गाठण्याचा प्रयत्न करतो आणि जमलेच तर पुढे हजारे करंडकात पोहोचतो. नावे देताना कुणी हा विचार केला नसेल, पण वाट अशीच आहे. या वाटेने गेलेला आपला माणूस म्हणजे शार्दूल ठाकूर. पालघरचा मुलगा, बोईसरच्या शाळेत शिकलेला, किटबॅग घेऊन गाडीने मुंबईला जाणारा, मग बोरिवलीत प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या हाताखाली तयार झालेला. मुंबईच्या त्या साखळीने त्याला सामावून घेतले. ती साखळी नसती तर त्याच्या गुणांचे काय झाले असते ते सांगता येणार नाही, आणि या पट्ट्यातल्या अशा किती मुलांचे काय झाले हेही कुठे नोंदलेले नाही.

जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर पहिल्या डावात भारताची अवस्था ६ बाद १८६ होती. अर्धा संघ जायबंदी, समोर ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज. शार्दूल ठाकूरने वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावा जोडल्या, स्वतः ६७ केल्या, आणि सामन्यात सात बळी घेतले. तो सामना आणि ती मालिका भारताने जिंकली. शिक्षण मुंबईचे होते. पण पडझडीत एका टोकाला उभे राहायचे, चेंडूही टाकायचा आणि बॅटही उचलायची, हे काम ज्यांनी ॲडलेडला, लीड्सला आणि ओव्हलला केले होते ते सांगलीचे होते.